पहिला खर्डा म्हणजे कादंबरी नव्हे

नव्याने कादंबरी लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो : ‘पहिला खर्डा हाच खरा. पुन्हा हात लावलात की त्यातला जीव जातो. मोठे लेखक एका झपाट्यात लिहायचे. चुका काढायला संपादक असतोच.’ हे ऐकून चांगले खर्डे तसेच छापायला जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी झपाट्याचं. त्यासाठी हमखास अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुअ‍ॅकचं नाव घेतात. १९५१च्या एप्रिलमध्ये त्याने तीन आठवड्यांत, सुमारे १२० फूट लांब कागदाच्या गुंडाळीवर ‘ऑन द रोड’ टाइप केली, हे खरंच. पण त्याआधी काही वर्षं तो तिच्यासाठी वह्या भरत होता. नंतरही फेरलेखन झालं, आणि पुस्तक आलं १९५७ साली.

‘जीव जातो’ ही भीती मात्र खोटी नाही. तो जातो उलट्या क्रमाने काम केल्यामुळे. पहिल्या पानापासून वाक्यं घासत बसायचं, आणि विसाव्या प्रकरणाशी कळतं की तिसरं प्रकरणच नको होतं. म्हणून खर्डा महिनाभर बाजूला ठेवावा. मग वहीत प्रत्येक प्रसंगाची एक ओळ : कोण, कुठे, कोणता महिना, प्रसंगानंतर काय बदललं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर प्रसंग उचलून वेगळ्या फाइलमध्ये टाकावा, पुसू नये. पोळा होऊन गेल्यावर पुढच्या प्रकरणात आषाढी वारी निघालेली असते, तेही याच वहीत सापडतं.

भाषेला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही मोठ्याने वाचत. सलग सहा वाक्यं ‘होता-होती’वर संपलेली डोळ्याला दिसत नाहीत, कानाला टोचतात. निवेदनात कुठे ‘केले’, कुठे ‘केलं’. सासूला ‘अहो आई’ म्हणणारी सून मध्येच ‘तू’वर येते. दहाव्या पानावर ‘व्हतं’ म्हणणारी आजी शंभराव्या पानावर ‘होतं’ म्हणते. ते दुरुस्त केल्याने आजी मरत नाही, ती पुन्हा स्वतःसारखी बोलू लागते.

राहिला संपादक. ऱ्हस्व-दीर्घ मुद्रितशोधक बघेल, प्रसंग सैल पडलाय हे संपादक सांगेल. पण वाटणीच्या दिवशी आजी गप्प का बसली, हे लिहिणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?