उत्तर: "दुकानात चालू, घरी बंद" या रिव्ह्यूला

ताई नमस्कार, दांडिया बाजारच्या दुकानातून लिहितोय, मालकही मीच आणि कारीगरही मीच. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की काकांचा जुना डेस्कटॉप दुकानात चालू करून दाखवला, रॅम पुसायचे ३५० रुपये घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परत तेच, विंडोजचा लोगो येतो, निळी स्क्रीन चमकते आणि रिस्टार्ट. राग आलाच पाहिजे, तीन मजले सीपीयू उचलून आणायचा म्हणजे चेष्टा नाही.

पण चलाखी नव्हती हो. पहिल्यांदा आला तेव्हा डिस्प्लेच नव्हता, नुसते लांब लांब बीप. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडलेल्या, त्या खोडरबराने घासल्या, स्लॉट साफ केला, डिस्प्ले आला. ३५० त्या कामाचे, ते घेतलेत. मग विंडोज उघडेना म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) गेलो तर साटा मोड, म्हणजे हार्डडिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवर आणि तारीख २००९ ची! मोड एएचसीआय या नव्या पद्धतीवर केला, तारीख नीट केली, चालू झाला, दिला. इथे चुकलो मी. तारीख मागे गेलेली दिसली की बोर्डावरचा छोटा सेल (तारीख आणि सेटिंग तोच जपतो) मोजायचा, हे पोरांना मीच शिकवतो, आणि मीच मोजला नाही.

आता दुकानात का चालला ते ऐका. आमच्याकडे प्लग कायम चालू, त्यामुळे बोर्डाला एसएमपीएसमधून (आतला पॉवर सप्लाय) थोडी वीज मिळत राहते, सेलची गरजच पडत नाही. काका रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात (चांगली सवय आहे, सोडू नका), मग रात्रभरात सेटिंग पुसली जाते, मोड परत आयडीईवर, आणि एएचसीआयमध्ये टाकलेल्या विंडोजला स्वतःचीच हार्डडिस्क सापडत नाही.

मंगळवारी तुमचा भाऊ परत ठेवून गेला तेव्हा सेल मोजला, २.३ व्होल्ट, नव्यात ३ पाहिजेत. सीआर२०३२ नवीन टाकलाय, त्याचे पैसे नाहीत. काल रात्री वायर काढून काउंटरवरच ठेवला, सकाळी सरळ चालू. दुसरीकडे मदरबोर्ड गेला, नवीन घ्या म्हणाले ना, बोर्ड ठणठणीत आहे, एकही कपॅसिटर फुगलेला नाही.

बाकी विंडोज ७ चे अपडेट २०२० च्या जानेवारीतच बंद झालेत, त्यावर बँकेचं काम नको, आणि काकांचा भजनांचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, हार्डडिस्कही त्याच वयाची आहे. चारनंतर कधीही न्या, नाहीतर रात्री दुकान बंद करून मीच वर आणून देतो.