‘मान तुमचीच कशी धरली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

पुराच्या आघातानंतर माझी मान कशी आखडली आणि त्यावर मी काय उपचार घेतले, हे मी ‘धरलेली मान’ या मागच्या लेखात लिहिले होते. त्याखाली ‘एक निपाणीकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. एरवी मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होते, पण या वेळी तसे जमले नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देते. निपाणीकरांच्या मते, जेकबसन यांच्या पुस्तकाचे साल मी चुकीचे दिले. माझा लेख वाचून एखादा मणक्याची तपासणी न करताच शवासन घालत बसेल. आमच्या आया तंबाखूच्या वखारीत दिवसभर मान खाली घालून बसत, त्यांना असला ‘आघात’ कधी झाला नाही. आणि शेवटी, शब्दशः, ‘बाई, पूर सगळ्यांनाच आला होता, मग मान तुमचीच कशी धरली? ही पेन्शनवाल्यांची थेरं आहेत.’

महोदय (महोदयच असाल असे ‘बाई’ या शब्दाच्या सुरावरून धरून चालते), साल चुकले हे मान्य. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांचे स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीवरचे पुस्तक 1929 साली आले. 1938 हे दुसऱ्या आवृत्तीचे साल, आणि मी तेच पहिले म्हणून लिहिले. चूक ती चूक. दाखवून दिल्याबद्दल आपले आभार मानते, आणि ते मनापासून मानते आहे हे मुद्दाम सांगावे लागते, यातच आपल्या उरलेल्या मजकुराचा सूर आला.

‘थेरं’ हा शब्द मी माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याला उद्देशून वापरलेला नाही, आणि सातवीच्या वर्गात तो वापरावासा वाटण्याचे प्रसंग रोज येत. एखाद्याला आपले म्हणणे पटले नाही तर त्याने ‘पटले नाही’ असे लिहावे. दुखणाऱ्या माणसाला नाटकी ठरवण्याचा अधिकार टोपणनावाआडून बजावू नये. माझे नाव या पानावर सर्वात वर लिहिलेले आहे. (इथून पुढे ‘आपण’ सोडून ‘तुम्ही’ म्हणते. ‘आपण’ लिहिताना माझाच जबडा आवळला जातो आहे, आणि दंतवैद्यांनी मला ते वर्ज्य सांगितले आहे.)

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येते. पूर सगळ्यांना आला होता, हे खरे. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले तेव्हा निपाणी आणि कोल्हापूर ही शेजारची गावे एकमेकांना परदेशासारखी झाली होती, हे तुम्ही पाहिले असेलच. आमचे सासरचे घर नदीकाठच्या गावात आहे. त्या रात्री मी आणि माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई वरच्या अर्धवट बांधलेल्या मजल्यावर होतो. भिंती नव्हत्या, नुसता स्लॅब, चार कॉलम आणि त्यांतून वर आलेल्या सळया. उजव्या हाताने मी सळई धरली होती आणि डाव्या हाताने सासूबाईंचे मनगट, कारण त्यांना मधूनमधून भ्रम होई आणि त्या ‘गोठ्यात जाऊन येते’ म्हणत उठू पाहत. अकरा वाजल्यापासून उजाडेपर्यंत. सकाळी नाव आली, दोन तरुण मुले वर चढली, त्यांनी सासूबाईंना दोन्ही बाजूंनी उचलले आणि त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, ‘काकू, सोडा आता, आम्ही धरलंय.’ मी सोडत होते. म्हणजे मी सोडते आहे अशीच माझी समजूत होती. हात उघडत नव्हता. शेवटी त्या मुलाने करंगळीपासून सुरुवात करून माझे एकेक बोट उलगडले. सासूबाईंच्या मनगटावर माझ्या बोटांचे निळे वळ पुढे पंधरा दिवस होते, आणि त्या ते आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत.

पूर ओसरला, घरातला गाळ काढला, भरपाईचे अर्ज झाले, मी बेळगावला परतले. मान धरली ती त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. डावा खांदा कानाकडे चढलेला असे आणि मला त्याचा पत्ता नसे. शेजारीण म्हणाली, ‘बाई, थंडी वाजते का?’ सकाळी उठल्यावर दाढा दुखत. पावसाची सर समोरच्या पत्र्यावर आली की पोळी लाटता लाटता लाटणे थांबे, आणि मग कळे की श्वासही थांबला आहे. क्ष-किरण काढला, मणक्याची वयाप्रमाणे थोडी झीज निघाली. गळ्याला पट्टा झाला, शेक झाला, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या झाल्या, थायरॉईड, बी-12 आणि ‘ड’ जीवनसत्त्व सगळे तपासून झाले. गोळीने चार तास बरे वाटे आणि झोप येई. दीड वर्षाने एका डॉक्टरांनी पहिल्यांदाच मानेला हात न लावता विचारले, ‘बाई, झोप कशी लागते? दचकता का?’ तेव्हा त्या खोलीत मी, चौतीस वर्षे वर्गाला गप्प बसवणारी बाई, रडले.

म्हणजे ‘थेरं’ हा शब्द बाजूला ठेवला तर तुमचा प्रश्न चांगला आहे, फक्त तो तुम्ही उत्तर मिळावे म्हणून विचारलेला नाही. मोठ्या संकटातून गेलेल्या बहुतेक माणसांना पुढे आघाताचा विकार होत नाही, थोड्यांना होतो. कोणाला होतो हे त्या माणसाच्या जिवटपणावर ठरत नाही. आधी एखादा मोठा धक्का बसलेला असणे, प्रसंगाच्या वेळी ‘आता संपले’ असे वाटणे, आणि नंतर जवळ आधार नसणे यांनी शक्यता वाढते. तुम्ही त्या रात्री कुठे होता? निपाणी शहर उंचावर आहे. एकाच पुराचे पाणी कोणी गच्चीवरून पाहिले, कोणी टीव्हीवर पाहिले आणि कोणी गुडघ्याला लागताना पाहिले. मलेरियाचा डास सगळ्या गल्लीला चावतो, ताप दोघांनाच येतो. त्या दोघांना आपण ‘डास तर सगळ्यांनाच चावला होता’ असे म्हणतो का?

आणि हे दुखणे ‘मनाचे’ आहे असे मी कुठेही लिहिलेले नाही. स्नायू खरोखरच आकुंचन पावलेला असतो. धोका दिसला की मेंदू अंगाला तयारीत उभे करतो. मान आखडते, खांदे वर येतात, जबडा मिटतो, श्वास वरवरचा होतो. धोका टळल्यावर ही तयारी उतरायला हवी. ज्याच्या मेंदूला तो टळल्याचे पटलेले नसते, त्याचा पहारा चालूच राहतो, आणि सतत थोडा थोडा आवळलेला स्नायू दुखणारच, मग तो पैलवानाचा असो की पेन्शनवालीचा. दुखते म्हणून माणूस मान जपून ठेवतो, जपल्यामुळे ती आणखी आखडते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत कायमच्या चिंताविकाराची जी सहा लक्षणे दिली आहेत, त्यांत अस्वस्थपणा, लवकर थकणे, लक्ष न लागणे, चिडचिड आणि झोपेची तक्रार यांच्या बरोबरीने स्नायूंचा ताण हे लक्षण स्वतंत्रपणे दिलेले आहे. आघातानंतरचा विकार, ज्याला पीटीएसडी म्हणतात, तो त्याच पुस्तिकेत 1980 साली आला. सतत सावध राहणे आणि दचकणे ही त्याची लक्षणे. शहरी फॅशन म्हणावी तर बरीच जुनी फॅशन आहे.

तशी आपल्या भाषेला ही गोष्ट डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक असावी. आपण ‘मान धरली’ म्हणतो, ‘कंबर धरली’ म्हणतो. आपल्याकडचे कन्नड शेजारी कमरेसाठी ‘सोंट हिडदैती’ म्हणतात, तिथेही क्रियापद धरण्याचेच. सीमाभागात दोन्ही भाषांचे इतके एकमत दुसऱ्या कोणत्या बाबतीत झालेले मला आठवत नाही. धरणारा कोण, हे मात्र दोन्ही भाषा सांगत नाहीत. मला ते त्या मुलाने करंगळी उलगडली तेव्हा कळायला हवे होते.

शवासनाबद्दल तुम्ही उपहासाने लिहिले आहे, पण शवासनाचे खरे गाऱ्हाणे तुम्हाला माहीतच नाही, ते मी सांगते. शवासनाची थट्टा करण्याचे कारण नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. के. के. दाते यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा रक्तदाबाच्या रुग्णांवरचा शवासनाचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ते वैद्यकाच्या नजरेतही आहे. पण मी टिळकवाडीतल्या एका वर्गात पहिल्यांदा शवासनात आडवी झाले आणि योगशिक्षक ‘सोडा, सगळं सोडा’ म्हणाले, तेव्हा छातीत धडधड सुरू होऊन मी उठून बसले. काही माणसांना सैल होण्याचीच भीती वाटते, कारण त्यांच्या लेखी सैल होणे म्हणजे हातातले मनगट सुटणे. अशा माणसाला ‘सोडा’ म्हणून उपयोग नसतो. जेकबसन यांच्या पद्धतीचा मला उपयोग झाला तो याच कारणाने, कारण आज ती जशी शिकवतात तीत आधी धरायचे असते: मूठ पाच-सात सेकंद मुद्दाम आवळायची, ताण कुठे कुठे जाणवतो ते पाहायचे, मग सोडायची आणि अर्धा मिनिट नुसता फरक पाहत राहायचे, मग दंड, मग कपाळ, जबडा, खांदे, असे पायापर्यंत. डोळे उघडे ठेवून, भिंतीला पाठ टेकून. मला डाव्या मुठीला तीन आठवडे लागले. शिवाय मी धारवाडला जाऊन बोलण्याचे उपचार घेतले आणि वर्षभर गोळीही घेतली, हे मागच्या लेखात लिहिलेले आहे. मान आजही पावसाळ्यात धरते. फरक इतकाच की आता ती धरताना मला कळते.

तुमच्या आयांबद्दल. माझे सासरे 1981 च्या तंबाखू आंदोलनात निपाणीच्या रस्त्यावर बसले होते. त्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात शेतकरी गेले, हे निपाणीकराला मी सांगायला नको. पुढे कित्येक वर्षे दिवाळीचा पहिला फटाका वाजला की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडे आणि घरातली सगळी माणसे दुसरीकडे पाहत. त्यांनी ‘आघात’ हा शब्द कधी उच्चारला नाही. वखारीतल्या बायकांनीही उच्चारला नसेल. संध्याकाळी घरी येऊन त्या मानेला कोणते तेल चोळत आणि ते चोळून देताना तुम्ही काय विचारत होता, हे तुम्ही लिहिले असते तर तुमची प्रतिक्रिया मी आदराने वाचली असती.

मणक्याच्या तपासणीचा मुद्दा लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात आहे. प्रतिक्रिया लिहिण्याच्या घाईत तो राहून गेला असावा. हाताला मुंग्या येत असतील, पकड कमी झाली असेल, चालताना तोल जात असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे, हे पुन्हा एकदा लिहिते. याउपर कोणी माझा लेख वाचून तपासणी टाळलीच, तर त्याची जबाबदारी कोणाची या वादात मला पडायचे नाही.

लेखातले साल आज सकाळी दुरुस्त केले आहे. तुमची प्रतिक्रिया काढून टाकण्याची सोय माझ्याकडे आहे, पण ‘थेरं’सकट ती तिथेच राहू देते.