वैर म्हणजे अर्धं लक्ष तिकडेच
वैरातून प्रेम जमणाऱ्या कथांवरच्या एका लेखात म्हटलंय, छोट्या गावातल्या दोन दुकानदारांचं, म्हणजे नायक-नायिकेचं, वैर विरघळतं ते पावसाच्या रात्री एकत्र अडकल्यामुळे. मला नाही पटत. समोरचं शटर किती वाजता वर गेलं, आपलं कोणतं गिऱ्हाईक तिकडे वळलं, हे ज्याला रोज पाठ असतं तो आधीच अडकलेला असतो की! अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंगनं १९२९ मध्येच मांडलं होतं, स्पर्धक एकमेकांजवळ सरकत जातात. तो बिचारा दुकानांच्या जागांबद्दल बोलत होता म्हणा. पण अशा कथांत शेवटी नायिकेनंच धंदा गुंडाळायचा, हे काय? प्रेम जमलं तरी गल्ले वेगळे राहू देत. आणि उधारीची वही एकमेकांसमोर उघडायची वेळ येते, तो प्रसंग कुणी लिहीतच नाही.