पितळी मेडल आणि कुणबी नोंद

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली दोन वर्षं पणजोबांचा शोध चालू आहे. मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम सुरू झालं तसा गावोगाव जुन्या कागदांना भाव आला. मोडी वाचणारा मिळाला की त्याला आधी चहा, मग रजिस्टर. आमचा दादा पाटण तालुक्यातल्या कचेऱ्या पालथ्या घालतोय, कुठे 'कुणबी' हा शब्द दिसतो का म्हणून. मी इकडे लंडनला त्याच पणजोबांना शोधतेय, पण मला जात नको आहे. ते 'बसऱ्याला' होते म्हणतात, तर कुठल्या पलटणीत आणि नक्की कुठे, एवढंच हवं आहे.

इथे हा छंद घरोघरी आहे. ऑफिसातल्या सहकारी बाईंनी एका संध्याकाळी आजोबांचा भरतीचा फॉर्म ऑनलाइन काढून दाखवला. कागदाच्या कडा जळलेल्या. १९४०च्या बॉम्बफेकीत पहिल्या महायुद्धाच्या शिपायांच्या बहुतेक फाइली खाक झाल्या, त्यातून वाचलेला तो एक. मला वाटलं, आपलंही निघेल. रजा काढून लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात, गेले. तिथे पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. समोर आली मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, एका मराठा पलटणीची युद्ध-दैनंदिनी. आज कूच किती मैल, पाणी मिळालं का, गोळीबार कुठून झाला, सगळं तारीखवार. गोरा अधिकारी जखमी झाला तर त्याचं नाव. आमची माणसं पडली की आकडा. पुढच्या पानावर पुन्हा आकडा.

तिथल्याच बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही तेच. इंग्रज शिपायाचं नाव दगडावर आहे. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली, नुसत्या संख्येनं. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला. निदान १,१६,००० माणसं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंदवली गेली नाहीत किंवा मुळीच नोंदवली गेली नाहीत, बहुतांश आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली. माफीही मागितली.

मी हे ग्रुपवर टाकलं. पुतण्याने लगेच लिहिलं, "भाडोत्रीच ना शेवटी? इंग्रजांसाठी लढले." दुसऱ्या एकाने तलवारीचे इमोजी आणि 'जय शिवराय'. पणजोबांची पलटण दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. तेव्हा शिपायाला महिना ११ रुपये पगार होता आणि आमची जमीन डोंगरउताराची, नाचणी-वरीची. यातून मी त्यांना वीरही ठरवू शकत नाही आणि गद्दारही. त्यांना विचारलं असतं तर तेही बहुधा पगाराचंच बोलले असते.

माग लागला तो आत्यामुळे. ती ग्रुपवर नाही, तिला फोनच करावा लागतो. म्हणाली, "दोन मेडलं होती गं. चांदीचं बहात्तरच्या दुष्काळात मोडलं. दुसरं पितळी, त्याला कोण पैसे देणार? म्हणून राहिलं." ते देवघराच्या फळीमागे होतं. नातीकडून फोटो काढून घेतला, पुढचा, मागचा. मी म्हटलं, कडेचा काढ, रुपयाला जशी कड असते ना, तिथला. चिंचेने घासल्यावर कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं उमटली: नंबर, सिपॉय, नाव, ११४ मराठाज. पणजोबांचं नाव विठू, त्याचं स्पेलिंग साहेबाच्या कारकुनाने असं केलं होतं की मी जन्मभर शोधूनही सापडलं नसतं.

११४ वी म्हणजे ऑक्टोबर १९१८ मध्ये टायग्रिसकाठी शरकतला लढलेली पलटण. त्या दिवशी विठू तिथे होता की हॉस्पिटलात की रजेवर, हे मेडल सांगत नाही. ते सेवापुस्तक सांगेल, आणि ते असलंच तर लंडनला नव्हे, बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात. इंग्रजांवर राग काढायला मला आवडतं, कारणही आहे. पण लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेली पंजाबच्या सव्वातीन लाख शिपायांची गाववार रजिस्टरं २०२१ मध्ये ऑनलाइन यायला लागली, ती ब्रिटनमधल्या पंजाब्यांनी आणि एका विद्यापीठाने मनावर घेतलं म्हणून. आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला ढोल कुठून मागवायचे यावर तीन मीटिंगा होतात. सातारा-रत्नागिरीच्या शिपायांची अशी यादी करू या, हा विषय मी दोनदा मांडला. दोनदा 'इतर विषयां'त गेला.

दादाला मेडलचा फोटो पाठवला. त्याचा पहिला प्रश्न: "त्यावर कुणबी लिहिलंय का?"

मला हसू आलं, रागही आला. मग लक्षात आलं, बेळगावला अर्ज करायचा तर विठूशी माझं नातं दाखवणारा काही कागद जोडावा लागेल, आणि आमच्या घराण्यात असा कागद एकट्या दादाकडे आहे. जातीच्या दाखल्यासाठी त्याने सात पिढ्यांची वंशावळ स्टॅम्पपेपरवर करून घेतली आहे. मी मागितली.

"पाठवतो," म्हणाला. "पण त्यात लेकी घातलेल्या नाहीत हां. तुझं नाव हाताने लिहावं लागेल."