बटाट्याचे आळे

गेल्या महिन्यात मराठी मंडळींच्या एका घरगुती जेवणात ‘डच लोकांना स्वयंपाक येतच नाही’ हे वाक्य मी पुन्हा एकदा ऐकले. बोलणाऱ्यांना नेदरलँड्समध्ये येऊन दहा-बारा वर्षे झाली आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकाही डच घरात संध्याकाळचे जेवण घेतलेले नाही, हे त्यांच्याच बोलण्यातून कळत होते. त्या वेळी मी गप्प बसले, याची रुखरुख अजून मनात आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी लायडनमध्ये राहते. शेजारच्या आजींनी पहिल्यांदा जेवायला बोलावले तेव्हा आदल्या दिवशीच त्यांनी विचारले, ‘‘तू किती बटाटे खातेस?’’ मला या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. तीन माणसांचे बटाटे त्या मोजून सोलत होत्या आणि एकेक बटाटा पाण्याच्या पातेल्यात टाकत होत्या. त्यावर बारीक चिरलेल्या बूरेनकोलचा, म्हणजे कुरळ्या पानांच्या गडद हिरव्या कोबीचा, पातेल्याच्या काठापर्यंत ढीग रचला आणि सर्वांत वर धुरावलेले सॉसेज ठेवून झाकण घातले. अर्ध्या तासाने सॉसेज बाजूला काढले, पाणी निथळले, गरम दूध व लोण्याचा मोठा गोळा घालून, आपण वरण घोटतो त्याप्रमाणे, सगळे एकत्र घोटले आणि शेवटी चमचाभर मोहरीची चटणी मिसळली. हाच तो स्टाम्पपॉट. ताटात वाढल्यावर आजींनी पळीच्या पाठीने त्याच्या मधोमध एक खळगा केला आणि आदल्या रविवारच्या मांसाचा, लोण्यात तपकिरी झालेला रस त्यात ओतला. या खळग्याला डच भाषेत स्वतंत्र शब्द आहे, कौल्त्ये. मला शब्द शिकावा लागला नाही. भाताला आळे करून त्यात आमटी वाढून घेतच मी लहानाची मोठी झाले आहे. रस बाहेर वाहू नये म्हणून कडेकडेने खात आत यायचे, हेही त्यांनी मला सांगण्यापूर्वीच माझ्या हाताला ठाऊक होते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हे घरचे जेवण आहे आणि त्याची पारख घरातच होऊ शकते. उपाहारगृहात डच पदार्थ म्हणून तळलेले क्रोकेट आणि बिटरबॉल मिळतात. त्यांवरून या देशाच्या स्वयंपाकाचा निवाडा करणे म्हणजे केवळ बटाटावडा खाऊन महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणाविषयी मत देण्यासारखे आहे. आपला वरणभातही उपाहारगृहात खुलत नाही, पण त्याला कोणी निकृष्ट म्हटले तर आपल्याला खपत नाही.

मोजून सोललेल्या बटाट्यांकडे आपण कंजुषी म्हणून पाहतो. सहा वाजता यजमान जेवायला बसतात आणि आलेल्या पाहुण्याला ‘बसा’ म्हणत नाहीत, या तक्रारीत तथ्य आहे. मलाही पहिल्या वर्षी ते फार लागले होते. पण बटाटा, भाजी आणि मांस माणशी शिजवलेले असेल, तर ऐनवेळी आलेल्याला कुणाचे तरी पान तोडून वाढावे लागते. आपल्याकडे आमटीत पाणी वाढवता येते आणि भात पुन्हा लावता येतो. त्यांच्या ताटाची रचनाच तशी नाही. त्या रचनेमागे इतिहासही आहे. १८८८ साली हेगमध्ये पाकशाळा निघाली आणि तिच्यासारख्या शाळांतून मुलींच्या पुढच्या पिढ्यांना स्वस्त, पौष्टिक आणि काहीही वाया न घालवणारा स्वयंपाक शिकवला गेला. मसाल्यांना त्यात फारसे स्थान उरले नाही. पुढे १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन ताब्यातील पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न आणि इंधन दोन्ही संपले, लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, आणि सुमारे २०,००० माणसे मरण पावली. आमच्या आजी त्या वेळी आठ वर्षांच्या होत्या. आजही त्या सोललेली साल कचऱ्यात टाकण्यापूर्वी ती किती जाड निघाली हे एकदा पाहतात. त्या नजरेला कंजुषी म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

हे जेवण पूर्वीपासून बिनमसाल्याचे होते असेही नाही. १६६७ साली छापल्या गेलेल्या डच पाककृतींच्या संग्रहात दालचिनी, आले, जायपत्री, जायफळ यांचा सढळ वापर दिसतो. त्यातले जायफळ घरोघरी टिकून राहिले आहे. आजी उकडलेल्या फ्लॉवरवर ते किसणीवर दोनदा ओढतात, आणि तो वास आला की मला आईच्या श्रीखंडाच्या पातेल्याची आठवण होते. मात्र हे जायफळ आजच्या इंडोनेशियातील ज्या बांदा बेटांवरून येई, तेथे डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ साली जवळजवळ संपूर्ण लोकसंख्येचा संहार केला किंवा तिला देशोधडीला लावले, हे विसरून त्या सुगंधाविषयी लिहिणे मला योग्य वाटत नाही. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तिचे पडके अवशेष मी लहानपणी पाहिले आहेत.

दुपारच्या जेवणाची बाजू मात्र मी घेणार नाही. सकाळी पाव आणि दुपारी पुन्हा पाव, त्यावर चीज किंवा चॉकलेटचे दाणे, सोबत पेलाभर कार्नेमेल्क, म्हणजे पाणी न घातलेले दाट, आंबट ताक. ताक उत्तम असते, चीजही उत्तम असते, पण इतक्या वर्षांनंतरही दुपारी बारा वाजता मला काहीतरी गरम हवे असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथेही गरम जेवण दुपारीच होत असे. माणसे कामासाठी दूर जाऊ लागली तसे ते संध्याकाळवर गेले. ते परत दुपारी आले तर मला मनापासून आनंद होईल.

आमच्या गावाचा स्वतःचा पदार्थ आहे हुट्सपॉट, म्हणजे गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र घोटून केलेला. लायडनला पडलेला स्पॅनिश सैन्याचा वेढा ३ ऑक्टोबर १५७४ रोजी उठला, तेव्हा शत्रूच्या सोडून दिलेल्या छावणीत एका मुलाला अशा भाजीचे भांडे सापडले, अशी कथा सांगतात. त्या भांड्यात बटाटा नसणार, कारण तो येथे रुळायचा होता. त्याच्या जागी पार्सनिप, म्हणजे गाजरासारखे फिकट रंगाचे कंदमूळ, असावे. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या त्या शहरात हेरिंग मासे आणि पांढरा पाव घेऊन नावा आल्या, आणि आजही ३ ऑक्टोबरला सकाळी जुन्या वजनघरात नागरिकांना हेरिंग व पाव वाटला जातो. संध्याकाळी घराघरांतून शिजलेल्या कांद्या-गाजरांचा गोडसर वास येतो.

यंदा त्या दिवशी मी घरी हुट्सपॉट करणार आहे. मांस वेगळ्या पातेल्यात शिजवेन, त्यामुळे शाकाहारी मंडळींनीही निःशंकपणे यावे. जेवण बरोबर सहाला असेल. येणाऱ्यांनी आपण किती बटाटे खाता, ते आदल्या दिवशीपर्यंत कळवावे.