फक्त फिनिशिंग बाकी आहे

बांधकामाच्या साइटवर 'फिनिशिंग' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याचा काम संपण्याशी काहीतरी संबंध असावा, असा माझा भाबडा समज होता. पुनावळ्यात सातव्या मजल्यावर आम्ही टू बीएचके घेतला. करारात ताबा डिसेंबरचा. डिसेंबरात गेलो तर, "सर, फक्त फिनिशिंग बाकी आहे." पाडव्याला गेलो तरी फक्त फिनिशिंग. जूनमध्ये छत्री घेऊन गेलो आणि ती स्वतःच्याच हॉलमध्ये उघडून उभा राहिलो, तेव्हाही फिनिशिंगच. इकडे घरमालकाला भाडं, तिकडे बँकेला हप्ता. दोन घरांचे पैसे भरून आम्ही अर्ध्या घरात राहत होतो, कारण उरलेल्या अर्ध्यात नव्या घरासाठी आधीच घेऊन ठेवलेला सोफा, पलंग आणि पडद्यांचे गठ्ठे राहत होते.

दसऱ्याला दहा दिवस उरले असताना बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. "अभिनंदन सर! ओसी आली!" ओसी म्हणजे भोगवटा पत्र. हे मिळालं की इमारत राहण्यायोग्य आहे असं सरकारदरबारी ठरतं. "पंधरा दिवसांत पझेशन घेऊन टाका सर, नंतर मेंटेनन्स सुरू होईल." मुलीचा आवाज इतका गोड की मी दोनदा थँक्यू म्हणालो.

ही बातमी सासुरवाडीला कळली आणि तिथे एकाच घरात दोन पक्ष पडले. सासूबाईंचं म्हणणं, दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्या दिवशी पंचांग उघडायचीही गरज नाही, त्या दिवशी दूध उतू घालवायचं म्हणजे घालवायचं. सासरे, म्हणजे अण्णा, सिंचन खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. किलोमीटरला वीतभर उतार देऊन तालुक्याच्या एका टोकाचं पाणी दुसऱ्या टोकाला नेण्यात या माणसाची हयात गेली. त्यांनी रेरा कायद्याची, म्हणजे बिल्डरकडून घर घेणाऱ्यांच्या हक्कांच्या कायद्याची, छापील प्रत आणली होती. पिवळ्या स्केचपेनने रंगवून ती हळदीकुंकवाच्या वाणासारखी दिसत होती.

"जावईबापू, कलम १९, पोटकलम १०. ओसी आल्यापासून दोन महिने आहेत तुम्हाला. पंधरा दिवस कोण म्हणतं?"

"ऑफिस पंधरा म्हणतंय अण्णा. आई दहा म्हणतात."

अण्णांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि प्रत मिटून पिशवीत ठेवली. २०१६ सालचा, संसदेने केलेला कायदा माझ्या डोळ्यांदेखत साडेतीन मुहूर्तांपुढे नमला.

तरी अण्णांनी एक गोष्ट मला बजावून सांगितली होती, आणि ती कुणीतरी करारावर सही करण्याआधी सांगायला हवी होती. आपल्याकडच्या रेराच्या नमुना करारात पैशाचे टप्पे असे आहेत की जोतं झालं की ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम गेलेली असते. जोतं म्हणजे जमिनीतून इमारतीने नुसतं डोकं वर काढलेलं असतं. स्लॅब संपेपर्यंत ७०. असं करत करत ताब्याच्या दिवशी आपल्या हातात उरतात पाच टक्के. "हे पाच टक्के म्हणजे तुमच्या ओळंब्याची दोरी आहे," अण्णा म्हणाले होते. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं, दोरीला बांधलेलं वजन. "काम होईपर्यंत सोडायची नाही." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी नेहमीच पुढे असतो.

रविवारी पाहणीला गेलो. अण्णांच्या पिशवीत ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या, टेप, टॉर्च, खडू, दोन गोट्या आणि पाच रुपयांचं जुनं जाड नाणं. आमच्या स्वागताला साइट इंजिनिअर होता. पंचविशीचा, हेल्मेट घातलेला, गरीब चेहऱ्याचा. त्याच्या शब्दकोशात चारच वाक्यं होती: 'होऊन जाईल सर', 'मटेरियल आलंय, माणूस नाही', 'माणूस आहे, मटेरियल नाही' आणि 'फर्निचर लागलं की दिसणार नाही'. एवढ्या चार वाक्यांवर त्याने बारा मजले निभावून नेले होते.

मी बेल दाबली. बेल वाजली नाही, शेजारच्या फ्लॅटमधली वाजली. दाराला भिंग होतं, त्यातून सहज पाहिलं तर आख्खा हॉल बाल्कनीसकट दिसला. सुंदर दिसत होता. मी कौतुकाने मागे सरकलो आणि मग लक्षात आलं की मी बाहेर उभा आहे. भिंग उलटं बसवलं होतं. आतल्याला बाहेरचं काही दिसू नये आणि बाहेरच्याला आतलं सगळं दिसावं, अशी सोय.

"होऊन जाईल सर."

हॉलमध्ये शिरताच अण्णा बसले आणि नाण्याने एकेक टाइल वाजवू लागले. भरीव टाइल 'टक' वाजते, खाली माल नीट भरला नसेल तर 'ठब'. टक, टक, टक, ठब. ठब आली की खडूने फुली. अर्ध्या तासात आमचा हॉल लंगडीचा डाव मांडल्यासारखा दिसू लागला. अकरा फुल्या.

"अहो, अकरा टाइल पोकळ आहेत."

"पोकळ आहेत सर, पण पक्क्या आहेत."

हे वाक्य त्या चारांमध्ये नव्हतं, उत्स्फूर्त होतं. अण्णांनाही क्षणभर ते आवडलं असावं, कारण त्यांनी खडू थांबवून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

मग गुण्या निघाला. बेडरूमच्या कोपऱ्यात तो भिंतीला टेकवला तर एका बाजूने टेकला आणि दुसऱ्या बाजूने त्यात बोट गेलं. "खोली गुण्यात नाही," अण्णा म्हणाले. डॉक्टर 'सावध राहा' म्हणतात तो आवाज. खोली आयत नसून समलंब चौकोन होती. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे कसं कळलं नाही म्हणाल, तर तिथला पलंग बुटक्यांच्या मापाचा होता आणि खोल्यांना दारंच नव्हती. मोकळंढाकळं वाटलं होतं. आम्हाला वाटलं, आपलं मनच मोठं झालंय.

कार्पेट एरियाचंही तसंच. सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा म्हणजे कार्पेट, असं मी बायकोला दोन वर्षं समजावत होतो. टेप लावल्यावर आकडा काही जुळेना. अण्णांनी पिवळं पान काढलं: आतल्या आडभिंतींची जाडीसुद्धा त्यात धरतात. म्हणजे थोडी सतरंजी भिंतींच्या खालीही अंथरायची होती. बिल्डरचं इथे काही चुकलं नव्हतं. त्याचं एवढं एकच गणित बरोबर निघालं, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

पण दिवसाचा खरा प्रसंग बाथरूममध्ये घडला. अण्णांनी नळाखाली गोटी सोडली. सगळे वाकून बघत होतो. गोटी जरा रेंगाळली, मग नहाणी ट्रॅपकडे पाठ करून शांतपणे दाराकडे निघाली आणि उंबऱ्याला टेकून उभी राहिली. दुसरी सोडली. तीही पहिलीशेजारी जाऊन उभी राहिली. ट्रॅपची जाळी उचलली तर आत सिमेंटचा गोळा आणि तंबाखूची पुडी.

"पाणीसुद्धा दाराकडेच येणार," अण्णा म्हणाले.

"वायपर मारला की जाईल सर."

अण्णा सावकाश उठले. गुडघ्यावरची धूळ झटकली. "बाळ, मी छत्तीस वर्षं कालवे काढले. वायपर मारला असता तर शेतकऱ्यांनी मला त्याच कालव्यात सोडला असता."

बाकी बारीकसारीक होतं. गरम पाण्याच्या नळावर निळा ठिपका आणि गारच्या नळावर लाल. मोठ्या बेडरूमचं बटण दाबलं की लहान बेडरूमचा दिवा लागायचा, यावर बायको म्हणाली की मुलाला झोपवायला बरं पडेल. संध्याकाळी यादी झाली ६३ कलमांची. अण्णांनी ती तीन प्रतींत लिहिली, कार्बन लावून. कार्बन पेपर अजून मिळतो हे मला त्या दिवशी कळलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात गेलो. ६३ पैकी तोवर दोन कामं झाली होती: खडूच्या फुल्या पुसल्या होत्या आणि हॉल पुसला होता. सही करायच्या पत्रावर छापलं होतं: 'सदर सदनिकेची मी समक्ष पाहणी केली असून सर्व कामे समाधानकारक आहेत व माझी कोणतीही तक्रार नाही.' अण्णांनी शिकवल्याप्रमाणे मी खाली पेनने लिहू लागलो, 'सोबतच्या ६३ मुद्द्यांच्या यादीस अधीन राहून...'

"सर, इथे लिहायचं नसतं," गोड आवाजाची मुलगी म्हणाली.

"मग कुठे लिहायचं?"

"लिहायचंच नसतं."

तरी मी लिहिलं, आणि यादीच्या प्रतीवर 'पोच' असा शिक्का मारून घेतला. आयुष्यातला माझा एवढाच पराक्रम. त्याचा उपयोग असा की कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष सांगितल्यावर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि आधीपासून शिक्क्याचा कागद असला की 'हे तुम्हीच खिळा ठोकताना केलंत' असं म्हणायला जागा राहत नाही. अण्णांची दोरी मात्र मी त्याच टेबलावर सोडली. चेक दिला, वर दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स दिला. बदल्यात नारळ मिळाला, पेढे मिळाले आणि तीन फुटी पुठ्ठ्याची सोनेरी किल्ली हातात धरून आमचा फोटो काढला. खऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यातली एक कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. पुठ्ठ्याच्या किल्लीचं फिनिशिंग मात्र अप्रतिम होतं.

दसऱ्याला सकाळी तोरण लागलं, कलश आत आला. सासूबाईंनी ओट्यावर छोटी शेगडी मांडली, दुधाचं पातेलं पूर्वेकडे तोंड करून ठेवलं. सगळे हात जोडून उभे. दूध फुगलं, काठावर आलं, उतू गेलं आणि सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "पूर्वेला गेलं गं बाई! घरात काही कमी पडायचं नाही."

दूध पूर्वेला गेलं, तिथून भिंतीच्या कडेने वळलं, कोपऱ्यातल्या मिक्सरच्या जागेला प्रदक्षिणा घालून ओट्यावरून खाली नव्या ट्रॉलीत उतरलं. सगळ्यांचे हात अजून जोडलेले. फक्त अण्णांचे सुटले होते.

"सिंक पश्चिमेला आहे," ते म्हणाले. आणि झब्ब्याच्या खिशातून खडू काढला. "चौसष्ट."

संध्याकाळी त्यांनी साइट इंजिनिअरला गाठून आपट्याचं पान दिलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आणि टाइल्सचा माणूस उद्या पाठवा."

आता पाच महिने झाले. टाइल्सचा माणूस येतो. तो आला की प्लंबर येत नाही, आणि टाइल्सच्या माणसाने फोडलेला पाइप जोडायला प्लंबर आला की त्याने उकरलेली टाइल बसवायला कुणी नसतं. पेंटरने टचअप करून दिला आहे. भिंत फिकट पिवळी होती, टचअप जरा गडद आहे, त्यामुळे कुठे कुठे काय बिघडलं होतं ते आता लांबूनही कळतं. खालचा स्विमिंग पूल तयार आहे, त्यात सिमेंटची पोती ठेवली आहेत. ६४ पैकी ४१ कामं झाली आणि ती होताना ९ नवी निघाली. कधीकधी वाटतं, माझं कर्ज आधी फिटेल.

मुलीच्या घरी आठवडाभरासाठी आलेले अण्णा अजून परतलेले नाहीत. इमारतीत त्यांचं नाव झालं आहे. दर शनिवार-रविवारी कुणी ना कुणी ताबा घ्यायला येतं, आणि लिफ्टमधून आधी सातव्या मजल्यावर उतरतं. नवव्या मजल्यावरच्या काकू तर स्वतःचं नाणं घेऊन आल्या होत्या. अण्णांनी ते वाजवून पाहिलं आणि हलकं आहे म्हणून परत केलं. सासूबाईंचं म्हणणं, नोकरीत असताना एवढा मान नव्हता.

काल रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. बेल वाजली, म्हणजे शेजारच्यांची वाजली. आमच्याकडे कुणीतरी आलंय हे ओळखून मी हातातला घास ठेवला. तेवढ्यात दाराबाहेरून अगदी अदबीने आवाज आला, "बसा, बसा, उठू नका. पिठलं-भात चाललाय वाटतं. अण्णांचं झालं की येतो."