आणीबाणीची पिशवी, उघडू नये

वीज गेली त्या रात्री मी मोबाइलच्या उजेडात बॅटरी शोधत होते. बॅटरी सापडायला आणि मोबाइल बंद पडायला एकच गाठ पडली. मग अंधारात कळलं की बॅटरीचं झाकण फिरत नाही.

सकाळी पकडीने ते फिरवलं, तर आतले सेल बाहेर पडेनात. नळकांडं टेबलावर आपटलं, उलटं धरून झटकलं, शेवटी विणायची सुई घातली तेव्हा पहिला सेल कसाबसा आला. बुडाला मिठासारखा पांढरा खर, स्प्रिंग हिरवट पडलेली. मी तो खर बोटाने खरवडला. असं करू नये, हे बोट चुरचुरल्यावर वाचायला मिळालं. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हवेत त्याचा असा खर धरतो. हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसायचा. आणि बॅटरी बरेच दिवस पडून राहणार असेल तर सेल तिच्यात ठेवायचेच नाहीत, शेजारी ठेवायचे. हा शहाणपणाचा नियम मी त्याच दिवशी घरात लागू केला. पुढे जे झालं त्याचं मूळ या शहाणपणात आहे.

दुपारपर्यंत मी आपत्कालीन तयारीत गळ्यापर्यंत बुडाले होते. बाजारात तयार पिशव्या मिळतात. लाल रंगाच्या, भरपूर कप्प्यांच्या, चौघांनी ७२ तास तग धरावा एवढं सामान असलेल्या. किंमत पाहिली आणि वाटलं, त्यापेक्षा आपत्ती स्वस्तात पडेल. म्हणून ठरवलं की आधी घरात आहे ते गोळा करायचं, आणि मग दर आठवड्याच्या सामानात एकच वस्तू जादा आणायची. त्यातही नेहमी खातो तेच. म्हणजे जुनं आधी वापरायचं, नवीन मागे ठेवायचं, फुकट काहीच जायचं नाही.

रात्री जेवताना मी हे जाहीर केलं. नवरा म्हणाला, "मी आहे ना." घरात पाल निघाली होती तेव्हाही हा होता.

सासूबाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं. "म्हणजे काडेपेटी, दोरी, जुनी चादर, चार दिवसांचा शिधा," त्या म्हणाल्या. "अगं, आम्ही त्याला घर म्हणायचो."

त्यांच्या कपाटाच्या तळाशी सुतळ्या, सेफ्टी पिना, घडी घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गेल्या तीन नंबरांचे चष्मे आहेत. या साठ्यावरून मी त्यांना अनेकदा चिडवलं होतं. आता जाणकार सांगतात की जुना चष्मा पिशवीत हवाच. मी त्याच कपाटासमोर हात पसरून उभी राहिले. त्यांनी दोन्ही दारं सावकाश उघडली. इतक्या सावकाश उघडायची गरज नव्हती.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला साधारण चार लिटर. निम्मं प्यायला, निम्मं रांधायला-धुवायला. चार माणसं, तीन दिवस, म्हणजे ४८ लिटर. कागदावर हा आकडा निरुपद्रवी दिसतो. बाटल्यांत भरला की सोफ्यामागे, दारामागे, पलंगाखाली, जिथे पाहावं तिथे तोच. त्यातही दुधाचे आणि फळांच्या रसाचे डबे चालत नाहीत. दुधातली प्रथिनं आणि रसातली साखर कितीही घासली तरी पूर्ण निघत नाही, आणि मग आत जंतूंची वसाहत होते. घरी भरलेलं नळाचं पाणी दर सहा महिन्यांनी बदलायचं, म्हणून मुलाने प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवली.

"पाण्याचेही वाढदिवस?" सासूबाईंनी विचारलं.

तिसऱ्या रात्री नवऱ्याचा अंगठा पलंगाखालून डोकावणाऱ्या बाटलीवर ठेचला आणि पिशवीतली मलमपट्टी पहिल्यांदा कामाला आली. अपघात आणि इलाज एकाच योजनेतून निघाले, याचं मला कौतुक वाटलं. त्याला वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात जादा वस्तू म्हणून डबाबंद खाण्याचे चार टिन आणले. ते ओळीने मांडल्यावर लक्षात आलं की घरात टिन उघडायचं काहीच नाही. लाज वाटायच्या आत इतिहास मदतीला आला. टिनच्या डब्याचं पेटंट ब्रिटनमध्ये १८१० साली घेतलं गेलं, आणि तो उघडण्याच्या हत्याराचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट १८५८ सालचं. मधली ४८ वर्षं माणसं छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होती. (पुन्हा ४८. हा आकडा माझ्या मागे का लागला होता, मला सांगता येणार नाही.) त्या मानाने मी एका आठवड्यात ओपनर आणला.

कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून जलरोधक पाकिटात ठेवायच्या होत्या. मूळ कागद नवऱ्याने नीट ठेवले होते. आमच्याकडे 'नीट ठेवलंय' याचा अर्थ ते आता कुणालाच सापडणार नाही, असा असतो. ते प्रकरण दोन रविवार चाललं, आणि तेवढ्यात आम्हाला लग्नाचा अल्बम, एका परत केलेल्या फ्रिजची वॉरंटी आणि एकमेकांच्या स्वभावातले काही जुने दोष सापडले.

फोन नंबरांचं त्याहून अवघड. मोबाइल बंद पडला तर नंबर कागदावर हवेत, म्हणून मी एकेकाला तोंडी विचारायला बसले. नवऱ्याला माझा नंबर येईना. लहानपणीच्या घरातला, कधीच बंद झालेला नंबर मात्र त्याने गाण्यासारखा म्हणून दाखवला. मुलाला फक्त स्वतःचा येत होता. मी हसणार होते, पण तोवर माझी पाळी आली. सगळे नंबर येत होते फक्त सासूबाईंना, दूधवाल्यासकट.

मेणबत्त्या मी बाद केल्या. पडदे आणि आमची माणसं पाहता ते बरंच. शिट्टी घेतली. तीनदा वाजवली की मदत हवी असा संकेत आहे. मुलाने एका संध्याकाळी ती इतक्या वेळा तीनदा वाजवली की शेजारच्या काकू खरंच आल्या. त्यांना बसवून पाणी दिलं, त्यातलंच.

राहिली रोकड. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये नागरिकांना ७२ तास पुरेल एवढी तयारी ठेवायला सांगितलं, तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली. महिनाभराने, २८ एप्रिलला भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली. कार्डं चालेनात, मोबाइलची रेंज गेली, आणि लोक सेलवर चालणारे रेडिओ आणि हातातले पैसे शोधत हिंडले. म्हणून मी एका पाकिटात सुट्या नोटा घालून ते पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. पिशवीवर कागद डकवला, 'आणीबाणीची पिशवी, उघडू नये.' ती दाराजवळच्या खुंटीला टांगली आणि मी निर्धास्त झाले.

पिशवी बांधणं सोपं आहे. ती बांधलेली राहणं हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर कुणीच लिहीत नाही.

दोन महिन्यांनी वीज गेली, आणि चांगली गेली. मी अंधारात ताठ मानेने खुंटीपर्यंत चालत गेले. पिशवी हाताला हलकी लागली. आत हात घातला तर कागदच कागद. सासूबाई म्हणाल्या, "बॅटरी आण," तर मुलाने पॉवर बँक आणून दिली. तिचीही चार्जिंग संपली होती, पण तिच्यावरचा इवलासा दिवा चार-सहा वेळा लुकलुकला. तेवढ्यात मी वाचून काढलं. 'कात्री नेली, प्रोजेक्ट.' 'पट्टी संपली, दुसरा अंगठा.' नोटांच्या पाकिटात तीन चिठ्ठ्या: 'घेतले, उद्या ठेवते', 'घेतले, परवा नक्की', 'घेतले'. तिन्हींवर अक्षर माझंच होतं. आणि बॅटरीला रबरबँडने बांधलेल्या दोन सेलच्या जागी सासूबाईंची चिठ्ठी, 'एक घड्याळाला, एक रिमोटला लावला. तसेही नुसते पडून होते.'

सगळे गप्प झाले. त्या शांततेत भिंतीवरचं घड्याळ खणखणीत टिकटिकत होतं.

मुलगा सवयीने फ्रिज उघडायला गेला, तशा सासूबाई खुर्ची ओढून फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसल्या. दार बंद राहिलं तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासही धरतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं. माझ्या व्याख्यानांतलं एवढं एकच कुणीतरी अमलात आणत होतं. नवऱ्याने स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. मी चाचपत रिमोटचं झाकण काढलं. दोन्ही सेल बॅटरीत घातले, ती भांड्यात उभी केली आणि तिच्या तोंडावर पाण्याची भरलेली बाटली ठेवली. उजेड पाण्यातून फाकला आणि चौघांचेही चेहरे दिसायला लागले. बाटलीवर तारीख होती, वाढदिवसाला अजून चार महिने होते.

"बघ, मी आहे ना," नवरा म्हणाला. तो अजून स्टुलावरच उभा होता, घड्याळ छातीशी धरून.

वीज आल्यावर मी सेल काढून पुन्हा पिशवीत ठेवले आणि मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, 'घड्याळ मुद्दाम बंद ठेवलं आहे. सेल कुणीही काढू नयेत.' काल सहज पाहिलं. घड्याळ आठ वाजून वीस मिनिटांवरच थांबलेलं आहे. माझ्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी आहे, 'एकच काढला. मॅच आहे.'